कोजागरीची बैठक: बारा जण, भेळ, भेंड्या आणि मेंढीकोट

कोजागरीला मित्रमंडळींना घरी बोलवायचं ठरलं की पहिली चर्चा खाण्याची होते. मी सुरुवात दुसरीकडून करते. जिच्या घरी बैठक आहे ती पहिल्या खेळापासून शेवटच्या डावापर्यंत सगळ्यांबरोबर बसून खेळणार, हे एकदा पक्कं करायचं आणि बाकीचं सगळं त्याला धरून बेतायचं. बाहेर हशा पिकलाय आणि यजमानीणबाई ओट्याशी भजी तळतायत, अशा कोजागऱ्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मला त्या बघवत नाहीत. मैत्रिणींना बोलवायचं ते त्यांच्याबरोबर बसता यावं म्हणूनच ना?

मी डोंबिवलीला राहते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यातल्या. कुणी ठाकुर्लीची, कुणी कल्याणची, एकदोघी बदलापूरहून येतात. बरोबर नवरे, कधी एखादीच्या सासूबाई, एखादा कॉलेजातला मुलगा. बैठक बिल्डिंगच्या गच्चीवर. मी जे सांगतेय ते दोन खोल्यांच्या घरात किंवा अंगणातही जमेल, फक्त सतरंज्या कमी-जास्त होतील.

दिवस आणि माणसं

कोजागरी म्हणजे आश्विन पौर्णिमेची रात्र, दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी. मध्यरात्री पौर्णिमा असेल ती रात्र धरतात, म्हणून पौर्णिमा दोन दिवसांवर पसरली असेल तर कॅलेंडर नीट बघा. २०२५ मध्ये कोजागरी ६ ऑक्टोबरला होती आणि पौर्णिमा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत होती. त्या वर्षी ती सोमवारी आली. नोकरीवाल्यांना आठवड्याच्या मधली रात्र जागणं जड जातं, त्यामुळे बरेच जण शनिवार गाठतात. तसं करणार असाल तर शक्यतो पौर्णिमेच्या आधीचा शनिवार घ्या. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो. पौर्णिमेच्या आधी तो दिवेलागणीलाच वर आलेला असतो. नंतरच्या शनिवारी मात्र पाहुणे जेवून उठले तरी समोरच्या टॉवरमागून त्याचं डोकं दिसत नाही.

माणसं आपल्यासकट बारा धरा. हा आकडा मी खेळांवरून काढलेला आहे. बारा जणांचे मेंढीकोटचे तीन डाव बसतात, भेंड्यांना सहा-सहाचे दोन गट पडतात आणि एका सतरंजीवर सगळ्यांचे चेहरे सगळ्यांना दिसतात. ऐन वेळी एखादा गळला तर अकरांचे चार, चार आणि तीन करा. तिघांसाठी पाच-तीन-दोन हा पत्त्यांचा खेळ आहेच. दहा उरले तर एक चौकडी आणि दोन तिकड्या. पंधराच्या वर माणसं गेली की गप्पांचे कोंडाळे वेगळे पडतात आणि मग कुणाला खेळात ओढून आणणं कठीण होतं.

बोलावताना निरोपात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: सात वाजता यायचं, जेवण म्हणून भेळ आणि दडपे पोहे आहेत, आणि परतायचं कसं हे आधी ठरवून यायचं. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. रात्री कुणाला किती वाजताची गाडी पकडायची आहे, कोण कुणाच्या गाडीतून जाणार, कोण मुक्कामाला, हे दुपारपर्यंत ग्रुपवर ठरलेलं असलं की साडेदहानंतर कुणाची नजर सारखी घड्याळाकडे जात नाही.

गच्ची सोसायटीची असेल तर सेक्रेटरींना आठवडाभर आधी विचारा. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला नुसतं कळवू नका, दुधाला बोलवा. त्यांच्या डोक्यावर आपण पाच तास बसणार असतो.

दुपारीच होऊन जायचा स्वयंपाक

तळण नको, तव्यावरचं काही नको, गरम-गरम वाढायचं काही नको. दूध सोडून एकही पदार्थ पाहुणे आल्यावर गॅसवर चढता कामा नये. या कसोटीला उतरणारे दोन पदार्थ माझे ठरलेले आहेत.

दडपे पोहे पोटभरीचे. बारा जणांना अर्धा किलो पातळ पोहे आणि दीड नारळ पुरतात. पोहे चाळून घ्यायचे, भिजवायचे नाहीत. ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, साखर, लिंबू असं सगळं पोह्यांना हाताने चोळून लावायचं, वर नारळाचं पाणी शिंपडायचं आणि पातेल्यात दाबून वर ताटली नि तिच्यावर वजन ठेवायचं. तासाभरात कांद्या-खोबऱ्याच्या ओलाव्याने पोहे मऊ होतात. हिंग, हळद, मोहरीची फोडणी गार करून ओतायची. तळलेले दाणे आणि पोह्याचे पापड मात्र डब्यात वेगळे ठेवून वाढताना चुरायचे. हे पाच वाजता करून ठेवलं तर साडेआठला जास्त चांगलं लागतं.

भेळेचं सामान: अर्धा किलो चुरमुरे, पाव किलोच्या वर फरसाण, तेवढीच बारीक शेव, सहा उकडलेले बटाटे, सहा कांदे, चार टोमॅटो, कोथिंबिरीची मोठी जुडी, भाजलेले दाणे. चिंच-खजूर-गुळाची चटणी आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये, हिरवी चटणी त्याच दिवशी. चुरमुरे संध्याकाळी कढईत मंद आचेवर परतून गार झाल्यावर घट्ट डब्यात भरा. ऑक्टोबरात दिवसा अंग भाजतं, पण रात्री गच्चीवर दव पडतं आणि उघडे चुरमुरे अर्ध्या तासात सर्द होतात. ओली भेळ एकदम परातभर कालवू नका. चौघांपुरती कालवा, वाढा, पुन्हा कालवा. हे काम एका पाहुण्याला द्यायचं. आमच्यात एकीचे यजमान कोल्हापूरकडचे आहेत, भेळ कालवायला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही. त्यांचा कांदा भरपूर, चिंच कमी आणि वरून कच्च्या तेलाचा थेंबही नाही.

आता दूध. बारा जणांना तीन लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध. जाड बुडाचं, रुंद तोंडाचं पातेलं आधी पाण्याने विसळून तसंच ओलं गॅसवर ठेवा, म्हणजे दूध बुडाला लागत नाही. मध्यम आचेवर, कडेची साय मोडून आत ढकलत, सव्वादोन लिटरपर्यंत आटवा. याला चांगला तासभर लागतो. म्हणून हे चारच्या चहाबरोबर सुरू करायचं. मसाल्याला ५० ग्रॅम बदाम, ३० ग्रॅम पिस्ते, ३० ग्रॅम काजू, दहा-बारा वेलदोडे आणि चमचाभर साखर. मिक्सर सलग फिरवला की बदामाला तेल सुटून गोळा होतो, तेव्हा थांबत-थांबत दोन-तीन झटके द्या. भरड हवी, पीठ नको. जायफळ अगदी नखभर किसा. जायफळाने झोप येते म्हणतात, आणि आपल्याला तर जागायचं आहे. केशराच्या पंचवीसेक काड्या वाटीभर कोमट दुधात अर्धा तास भिजवा, चारोळ्या अख्ख्या घाला.

साखर सगळ्यात शेवटी घाला, दोनशे ग्रॅमच्या आसपास. ती घालण्याआधी एक तांब्या दूध बाजूला काढून ठेवा. मधुमेहाची माणसं आता प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्यांना वेगळं विचारावं लागू नये, बिनसाखरेचा तांब्या मांडलेला असावा आणि मसाला त्यातही तेवढाच असावा.

चिंच आणि लिंबू खाल्ल्यावर लगेच दूध देऊ नये, असं आमच्याकडे आई-आजीपासून पाळतात. रात्रीचं वेळापत्रक त्यामुळे आपसूक ठरतं: भेळ आधी, मध्ये दोन खेळ, मग दूध.

पाठीवरची चिठ्ठी

पाहुणे एकदम येत नाहीत. पहिली येते तेव्हा शेवटची मुंब्र्यापर्यंतही पोचलेली नसते. या अर्ध्या तासासाठी असा खेळ हवा ज्यात कुणीही केव्हाही शिरू शकेल. दारात आल्या-आल्या प्रत्येकाच्या पाठीवर सेफ्टी पिनने एक चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर सगळ्यांना माहीत असलेल्या माणसाचं नाव: बहिणाबाई चौधरी, स्मिता पाटील, दादा कोंडके, सुनील गावसकर, सावित्रीबाई फुले. आपली चिठ्ठी आपल्याला दिसत नाही. बाकीच्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर येईल असे प्रश्न विचारून आपण कोण ते ओळखायचं. एका माणसाला सलग दोनच प्रश्न विचारायचे, मग दुसऱ्याकडे जायचं. या नियमामुळेच पहिल्यांदा भेटणारी दोन माणसं एकमेकांशी बोलतात. नवीन आलेल्या जावयाला किंवा ऑफिसातल्या मैत्रिणीला ‘ही अमुक, हा तमुक’ अशी ओळख करून द्यावी लागत नाही.

नावं निवडताना जमलेल्यांत सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात लहान माणसाला निम्मी तरी माहीत असतील एवढं बघा.

म्हणींचा मूकाभिनय

सगळे जमले की साडेसातच्या सुमारास डम्ब शराज. सिनेमाची नावं आता फार झाली, मी म्हणी देते. दोन गट, दोन मिनिटांची वेळ, आधी बोटांनी शब्दांची संख्या दाखवायची, ओठ हलवायचे नाहीत. पण म्हण निवडण्यात मेख आहे. जिच्यात प्राणी, अवयव किंवा वस्तू आहे ती म्हण अंगाने करून दाखवता येते: ‘उंटावरून शेळ्या हाकणे’, ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’, ‘आंधळा मागतो एक डोळा’, ‘नाचता येईना अंगण वाकडे’. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ दिलीत तर करणारा माणूस दोन मिनिटं नुसता हात जोडून उभा राहतो. चिठ्ठ्या आदल्या रात्री लिहा, तीस तरी लिहा आणि लिहिताना प्रत्येक म्हण एकदा आरशासमोर करून बघा.

लाजरं माणूस प्रत्येक बैठकीत असतं. त्याला आधी उठवू नका. त्याच्या हातात वेळ मोजायचं काम द्या. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तोच म्हणतो, एक मला द्या. आणि नाही म्हणाला तरी वेळ मोजणारा माणूस खेळातच असतो.

हे आणि भेंड्या, दोन्ही आवाजाचे खेळ. ते दहाच्या आत संपवायचे. दहानंतर लाउडस्पीकर वाजवायला बंदी आहे. आपल्याकडे स्पीकर नसला तरी दहाला खाली पाळण्यातली मुलं झोपलेली असतात, याची जाण ठेवावी.

भेंड्या

साडेआठला भेळ आणि पोहे. सव्वानऊला ताटल्या गोळा झाल्या की भेंड्या. हा त्या रात्रीचा मुख्य खेळ, आणि तो विस्कटतो तो नियम आधी न ठरवल्यामुळे. आमचे नियम असे आहेत. ध्रुवपद पूर्ण म्हणायचं, ज्या अक्षरावर ते संपेल त्यावर पुढच्यांनी सुरू करायचं. ‘ण’ आला तर ‘न’ घ्यायचा, ‘ळ’ आला तर ‘ल’. जोडाक्षर आलं तर त्यातलं शेवटचं व्यंजन. समोरच्या गटाने सावकाश दहा अंक मोजायचे, गाणं आलं नाही की भेंडी चढली. एकदा झालेलं गाणं पुन्हा चालणार नाही, आणि ते झालंय की नाही याचा निवाडा एका वहीवरून होईल. वही सांभाळणारी व्यक्ती दोन्ही गटांना मान्य असलेली हवी.

गट पाडताना नवरा-बायको वेगळे करा. बायका विरुद्ध पुरुष असे गट पाडू नका, दोन्ही बाजूंची वयंही मिसळा.

एक फेरी तरी पूर्ण मराठीत घ्या आणि त्यात सगळं चालू द्या: भावगीत, नाट्यपद, लावणी, अभंग, आरती, बडबडगीत, भोंडल्याची गाणी, जात्यावरची ओवी. एरवी हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वरच्या पिढीची माणसं हळूहळू गप्प होत जातात. ओवीला परवानगी दिली की चित्र पालटतं. एका वर्षी ‘ठ’ आला. सगळा गट आठवतोय, अंक सातवर गेले, आणि भिंतीला टेकून बसलेल्या, तोवर फक्त टाळ्या वाजवणाऱ्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंनी डोळे मिटून ओवी लावली. ठेवणीतल्या लुगड्याची होती. आवाज बारीक, पण सूर पक्का. संपली तेव्हा समोरच्या गटाने पुढचं अक्षर न बघता आधी म्हटलं, आजी, अजून एक. त्यांनी आणखी तीन म्हटल्या. खेळ दहा मिनिटं थांबला होता आणि कुणाचीही तक्रार नव्हती. भेंड्यांत असं काही घडलं तर वही मिटा, ऐका.

दहानंतर पत्ते

हात धुऊन झालेले, पोट भरलेलं, आवाज खाली आलेला. आता पत्ते. नवे तीन कॅट आणा आणि उजेडाची सोय करा. चांदणं कितीही लखलखीत असलं तरी त्यात इस्पिक आणि किलवर वेगळे दिसत नाहीत. प्रत्येक डावाशेजारी एक छोटा चार्जिंगचा दिवा जमिनीलगत ठेवा, गच्चीचा मोठा बल्ब बंद करा.

मेंढीकोट येत नाही असं कुणी म्हटलं तर पाच मिनिटांत शिकवता येतो. चौघे, समोरासमोरचे भिडू. प्रत्येकाला तेरा पानं. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, त्या आपण जिंकलेल्या हातांत ओढायच्या (चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात). तीन मिळाल्या की डाव जिंकला. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात किंवा जास्त हात ते जिंकले. चारही मेंढ्या एका बाजूला गेल्या की कोट. शिकाऊ माणूस असेल तर कट हुकूम खेळा: आलेल्या रंगाचं पान ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम. बंद हुकूम, म्हणजे हुकमाचं पान आधीच पालथं झाकून ठेवायचं, तो सगळे रुळल्यावर. नव्याला जुन्याचा भिडू करा आणि एवढंच सांगा: दश्शी उगाच पुढे टाकायची नाही, आणि भिडूचा एक्का हात घेतोय असं दिसलं की त्या रंगाची दश्शी त्याच्यावर घालायची. भिडूला खाणाखुणा नाहीत, हे मात्र खेळीमेळीतसुद्धा सोडू नये. खोकला, भुवया, पान आपटण्याचा जोर, सगळं त्यात आलं.

तीन डाव एकाच वेळी चालू असतात तेव्हा दर चार वाटपांनंतर जिंकलेली जोडी पुढच्या सतरंजीवर जाते आणि हरलेली बसून राहते. नव्या सतरंजीवर जोड्या मोडून नवे भिडू करायचे. तासाभरात जवळजवळ प्रत्येक जण प्रत्येकाबरोबर खेळलेला असतो.

तिघांसाठी पाच-तीन-दोन: अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस पानं आणि इस्पिक-बदामाच्या दोन सत्त्या, प्रत्येकी दहा. मुलं असतील तर त्यांना बदाम सात किंवा झब्बू द्या, मोठ्यांपैकी एकाने त्यांच्यात बसावं. हौजी मी सोळाच्या वर माणसं असली तरच काढते. दहा रुपयांचं तिकीट, प्रत्येकाला दोन, आणि जमलेले सगळे पैसे बक्षिसांत परत. पत्त्यांवर मात्र पैसे लावू देत नाही. दिवाळीला लावणारे लावोत, या बैठकीत हरलेला माणूस हसत घरी गेला पाहिजे.

दूध

अकराच्या पुढे चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो. लांबची गाडी पकडणारी मंडळी असतील तर साडेदहालाच घ्या, चंद्राची हरकत नसते. गरम केलेलं पातेलं वर आणून पांढऱ्या पातळ कापडाने झाका, दिव्यांवर किडे फार येतात. चंद्राला नैवेद्य दाखवायचा आणि मग आश्विनी करायची. कोजागरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. आम्ही जमलेल्यांतल्या सगळ्या थोरल्यांना एका ओळीत बसवतो. पन्नाशीची माणसंही त्यात असतात, ज्यांना ओवाळणारी आई आता नाही. ओवाळायला जमलेल्यांतली सगळ्यात मोठी बाई. हे पाच मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.

दूध पेल्यात देताना तळापर्यंत ढवळून द्या, मसाला खाली बसतो. पहिला पेला लहान द्या, दुसरा मागून घेतला जातो.

भांडी त्याच रात्री घासायची नाहीत. पातेल्यात पाणी घालून ठेवा, भेळेच्या ताटल्या कागदी असतील तर एका पिशवीत जातात आणि सतरंज्या घड्या करून खाली न्यायला बारा जोड्या हात असतातच. पाहुणे मदत करू का विचारतात तेव्हा ‘नको, नको’ म्हणू नका, काम सांगा. गच्ची जशी मिळाली त्याहून स्वच्छ करून किल्ली परत द्यायची. पोचल्यावर प्रत्येकीने ग्रुपवर ‘पोचले’ एवढं टाकायचं, शेवटचा निरोप येईपर्यंत मी दिवा मालवत नाही.

उरलेलं दूध गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी त्यात शेवया भाजून घातल्या की खीर तयार. परत तापवताना आच मंद ठेवा, साखरेचं दूध पटकन लागतं. पत्ते दवाने ओलसर झालेले असतात, ते तसेच डबीत भरू नका. पंख्याखाली पसरून वाळवा, बावन्न मोजा आणि मग ठेवा.